सव्वाअकरा इंच सूप

डॉक्टरांनी हिला दहा दिवस बोलायचं नाही असं सांगितलं, तेव्हा ऑफिसातल्या झाडून सगळ्यांनी 'मजा आहे बुवा तुमची' म्हणून माझ्या पाठीवर थापा मारल्या. हिच्या घशाची चौकशी एकानेही केली नाही. माणसाने किती पाणचट असावं याला काही सुमार!

ही बस स्थानकावर निवेदिका आहे. 'कृपया लक्ष द्या, फलाट क्रमांक चारवरची गाडी...' असा जो आवाज तिथे ऐकू येतो, तो आमचा. म्हणजे हिचा. एकोणीस वर्षं धूर, धूळ आणि हॉर्न यांच्यावर मात करून तो आवाज लोकांना योग्य गाडीत बसवत आला. मग एके दिवशी 'फलाट' शब्दातला 'ट' उमटेचना. दुसऱ्या दिवशी 'ला' गेला. डॉक्टरांनी घशात आरसा घालून पाहिलं आणि स्वरतंतूंवर बारीक गाठी आल्याचं सांगितलं. दहा दिवस पूर्ण विश्रांती. नेमकं त्याच आठवड्यात स्थानकप्रमुखांनी एक यंत्र आणून ठेवलं होतं. ते न थकता बोलतं म्हणे. साहेब हिला म्हणाले, "दहा दिवसांनी आवाज आला तर माइक तुमचाच. नाही आला तर पार्सलची खिडकी आहेच की. तिथे बोलावंही लागत नाही." घरी आल्यावर ही जेवली नाही.

डॉक्टरांच्या अटी अशा होत्या : बोलायचं नाही. कुजबुजायचं तर मुळीच नाही, त्याने घसा जास्त ताणला जातो. खाकरायचं नाही. आणि हसायचं नाही. शेवटची अट सांगून त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"यांना हसवू नका," ते म्हणाले.

"डॉक्टर, मी आवक-जावक विभागात आहे," मी म्हणालो.

"तरीपण," डॉक्टर म्हणाले.

हे 'तरीपण' मला लागलं. बावीस वर्षं मी येणाऱ्या प्रत्येक कागदावर क्रमांक घालतो. माझ्या हातून एक लिफाफा हरवल्याची नोंद नाही. माझ्याकडे बघून हसण्यासारखं काय आहे, हे मी दवाखान्याच्या जिन्यावरच्या आरशात निरखून पाहिलं. काही सापडलं नाही.

आहाराबद्दल डॉक्टरांनी एकच ओळ लिहिली : घरचं, भाज्यांचं, कोमट, पातळ सूप, तिखट, आंबट, तळकट नको. ते कोण करणार, याचा रकाना चिठ्ठीत नव्हता. पण हिने चिठ्ठी माझ्या खिशात घातली आणि तो प्रश्न मिटला.

आता खरं सांगतो, मला आनंदच झाला. स्वयंपाकघराविषयी मला पहिल्यापासून कुतूहल. कांदा परतला की गोड का होतो? झाकण ठेवलं की उतू जातं आणि काढलं की जात नाही, हे त्या दुधाला कळतं कसं? पण मी हे विचारायला आत गेलो की ही म्हणायची, "अहो, बाहेर बसा." आता ती 'बाहेर बसा' म्हणू शकत नव्हती. मी बाहीची बटणं काढून आत शिरलो.

मंगळवारी पहिलं सूप झालं. एक गाजर, थोडी फरसबी, कोबीची चार पानं, पाणी. पंधरा मिनिटं उकळलं. वाडगा हिच्यापुढे ठेवला. हिने चमच्याने ढवळलं. गाजराच्या चकत्या तळाशी गेल्या आणि तिथेच राहिल्या. हिने दोन घोट घेतले आणि वही ओढली. एकोणीस वर्षांची सवय. लिहितानाही ती निवेदनच करते. लिहिलं होतं : 'कृपया लक्ष द्या. पाणी छान आहे.'

बुधवारी मी बटाटे घातले. तीन. ते शिजून घोटल्यावर सूप असं झालं की चमचा मधोमध उभा केला तर उभाच राहिला. मी तो कौतुकाने तिला दाखवला. हिने पटकन मान फिरवली आणि भिंतीकडे बघत राहिली. खांदे हलल्यासारखे वाटले. मी चमचा घाईने काढून घेतला. थोड्या वेळाने वही आली : 'प्रवाशांनी असे प्रयोग दाखवू नयेत.'

गुरुवारी वरच्या मजल्यावरच्या काकू आल्या. काकू निवृत्त परिचारिका. त्यांनी आयुष्यभर रुग्णांना गप्प बसवलं आहे, त्यामुळे बोलायचं ते त्यांचं बाकी राहिलं आहे. "अरे, आधी कांदा मंद आचेवर परतायचा. सूप म्हणजे काय भांडी विसळायचं पाणी आहे का? कांदा म्हणजे पाया!" मी पाया घातला. तो जळला. शुक्रवारी ताईचा फोन आला. ताई म्हणजे माझी मोठी बहीण. तिला आमच्या घरातलं सगळं कुठून कळतं देव जाणे. ती म्हणाली, "कांदा अजिबात घालू नकोस, घशाला त्रास होतो." मी विचारलं, "ताई, तू कधी सूप केलं आहेस?" ती म्हणाली, "मला काय गरज? मला आवडत नाही." उंटावरून शेळ्या हाकणारी माणसं सगळीकडे असतात, पण सख्ख्या नात्यात असली की फोनही ठेवता येत नाही.

चार दिवसांत हिचं वजन उतरलं. गालफडं बसली. काकू म्हणाल्या, "अंगात ताकद नसेल तर आवाज कुठून येणार रे?" ते ऐकून मात्र माझं कुतूहल संपलं आणि भीती सुरू झाली. मी ठरवलं, शनिवारी सुट्टी आहे, काय वाटेल ते होवो, सूप जमलंच पाहिजे.

शनिवारी सकाळी नऊला मी लहान पातेल्यात सूप चढवलं. जरा घट्ट झालं, म्हणून पाणी घातलं. मग चव गेली, म्हणून मीठ घातलं. खारट झालं. काकू म्हणाल्या, बटाटा घाल, मीठ ओढून घेतो. घातला. पुन्हा घट्ट झालं. पुन्हा पाणी. आता ते मधल्या पातेल्यात होतं. गाजर वाढवलं तर इतकं गोड झालं की मला शंका आली, मी चुकून साखर घातली की काय. गोडावर उतारा म्हणून कोबी. कोबीला जागा म्हणून मोठं पातेलं, आणि दर खेपेला थोडं थोडं काढून दुसऱ्या भांड्यात. साडेअकरापर्यंत आमच्या घरात पाच भांडी सुपाने भरली होती. आणि गंमत अशी की पाचही भांड्यांतलं सूप वेगळं! एकात खारट, एकात गोड, एकात नुसता कोबी. मला ते बघवेना. एका विषयाच्या पाच फायली कधीही असू नयेत. त्या एकत्र बांधाव्यात, असा आमच्या विभागाचा दंडक आहे. पाचही सुपं एका भांड्यात ओतली की खारट आणि गोड एकमेकांना सांभाळून घेतील, हे कुणालाही पटावं. फक्त तेवढं भांडं हवं होतं.

तेवढं भांडं आमच्या इमारतीत एकच आहे. गृहसंस्थेचं सामायिक पातेलं. ते तळघरातल्या खोलीत असतं आणि खोलीची किल्ली सचिवांकडे असते.

सचिव हे वयस्कर गृहस्थ. नजर अधू झालेली, पण नियम तोंडपाठ. चष्मा लावायला सांगितलं तर रागावतात. म्हणाले, "पातेलं खासगी स्वयंपाकाला मिळत नाही. नियम सात. सार्वजनिक कार्यक्रम असेल तरच."

"पण मला फक्त सूप एकत्र करायचं आहे."

"करा ना. सार्वजनिक करा." त्यांनी अर्ज पुढे सरकवला.

इथे दुसरा कोणी असता तर त्याने 'कौटुंबिक मेळावा' असं काहीतरी खरडलं असतं आणि सुटला असता. पण खोटी नोंद मी बावीस वर्षांत केली नाही. आणि रकाना रिकामा सोडणं तर माझ्या हाताला जमतच नाही. 'कार्यक्रमाचे स्वरूप' : सूप. 'स्थळ' : अंगण, कारण ते पातेलं आमच्या गॅसवर बसलं नसतं. 'वेळ' : सायंकाळी पाच. 'अपेक्षित उपस्थिती' : मी दोन लिहिणार होतो. सचिव म्हणाले, किमान वीस. मी वीस लिहिलं. शेवटी एक रकाना होता : 'सभासदांनी सोबत काय आणावे?' तो कशासाठी असतो कोण जाणे, बहुधा सतरंजीसाठी असावा. पण रिकामा कसा सोडायचा? मी पेन दोन मिनिटं हातात फिरवलं आणि लिहिलं : एक भाजी.

अर्जाची एक प्रत सूचनाफलकावर लागते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

पाच वाजता मी अंगणात शेगडीवर पातेलं ठेवून पाच सुपं एकत्र केली. खरं सांगू? बरं लागत होतं! मी हिला निरोप पाठवला. ती खाली आली, खुर्चीत बसली. तिच्या हातात पुठ्ठा होता : 'बोलणे बंद. हसणे बंद. प्रकृती ठीक.' मी वाडगा भरणार, एवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. माणसं यायला लागली. प्रत्येकाच्या एका हातात वाडगा आणि दुसऱ्या हातात एक भाजी.

कुणी भोपळ्याची फोड आणली, कुणी मुळा. एका जोडप्याने नियमाचा अर्थ काटेकोर लावून एकेक वाटाण्याची शेंग आणली होती. तळमजल्यावरच्या शिंप्याने तीन बीट आणले. मी "राहू द्या हो, झालंय सगळं" म्हणत होतो, पण काकूंनी विळी आणली होती आणि त्या कुणाचं ऐकतात? सूप आधी पिवळं होतं, मग हिरवट झालं, बीट पडल्यावर ते लालभडक झालं. भाजी वाढली म्हणून पाणी वाढलं. ढवळायला डाव पुरेना, म्हणून मी घरून माझा ऑफिसचा लाकडी रूळ धुऊन आणला. त्याचा एक फायदा झाला. खोली मोजता आली. सव्वाअकरा इंच.

दरम्यान लोक हिच्यापाशी जाऊन चौकशी करत होते. "कशी आहेस गं? बोलू नकोस हं, बोलू नकोस! घसा दुखतो का? काय म्हणाले डॉक्टर?" ही पुठ्ठा वर करायची. लोक तो मोठ्याने वाचायचे आणि पुढचा प्रश्न विचारायचे. हिचा चेहरा कसा ताणलेला होता! मला तिकडे जाऊन सगळ्यांना हाकलावंसं वाटत होतं. पण सचिवांनी कार्यक्रम सुरू केला होता. कार्यक्रम म्हटला की प्रास्ताविक आलं, आणि प्रास्ताविक आयोजकाने करायचं.

मी रूळ हातात घेऊन पातेल्याशी उभा राहिलो. "सभासद बंधुभगिनींनो," असं म्हणून जरा पुढे वाकलो. वाफ आली. चष्म्यावर धुकं धरलं. तो पुसायला म्हणून काढला आणि बोटांतून निसटला. 'डुबुक' असा आवाज झाला.

कुणाच्या लक्षात आलं नाही. इथे खरं म्हणजे सांगून टाकायला हवं होतं. पण तुम्हीच विचार करा. वीस लोक वाडगे घेऊन रांगेत उभे आहेत, टाळ्या वाजताहेत, अशा वेळी 'माझा चष्मा तुमच्या सुपात आहे' हे वाक्य कुठल्या सुरात म्हणायचं? मी ठरवलं, वाढता वाढता डावात येईलच. आला की हळूच खिशात घालायचा. चष्म्याशिवाय मला हातभरापलीकडचं दिसत नाही. मी वाढत गेलो आणि प्रत्येकाच्या वाडग्यात नाक घालून बघत गेलो. लोकांना वाटलं मी आपुलकीने विचारपूस करतोय. "पोटभर घ्या हो, आणि सावकाश चावा," असं मी प्रत्येकाला सांगत होतो.

शेवटचा वाडगा सचिवांचा; त्या लालभडक सुपातही मला काही दिसलं नाही. त्यांनी उभ्यानेच दोन चमचे घेतले आणि आभारप्रदर्शन सुरू केलं. "असे उपक्रम वारंवार व्हावेत," एक चमचा. "सूप उत्तम झालं आहे," आणखी एक चमचा. मग ते थांबले. काहीतरी दातांनी दाबून पाहिलं, पुन्हा दाबलं.

"फक्त ही शेंग जरा कच्ची राहिली," ते म्हणाले.

मी पुढे झालो. "सचिवसाहेब, ती शेंग चावू नका."

"का? मला दात आहेत अजून!" त्यांनी रागाने आणखी जोर लावला.

"तुम्हाला आहेत हो, पण मला त्याशिवाय दिसत नाही."

मी सचिवांच्या तोंडातून चष्म्याची काडी सोडवून घेतली. चष्म्यातून बीटाचा लाल रस ठिबकत होता. डाव्या काचेवर गाजराची चकती बसली होती. तो तसाच नाकावर चढवला, कारण त्या क्षणी मला एकच माणूस पाहायचं होतं. उजव्या काचेतून ती दिसली. खुर्चीतून उठलेली, चेहरा बीटासारखा लाल, पदराचा बोळा तोंडात कोंबलेला, डोळ्यांतून पाण्याच्या धारा. अंगणात जो हशा फुटला त्यात तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, पुठ्ठा टाकला आणि जिन्याकडे पळत सुटली.

मी मागे धावलो. काकू मागून ओरडल्या, "अरे, मला जिन्यात कसलासा आवाज ऐकू आला रे! फार मोठा!"

बेडरूमला आतून कडी. मी दारावर हात ठेवून उभा राहिलो. "हसलीस का गं?" आता बोलता येत नसलेल्या बाईला दारापलीकडून प्रश्न विचारणारा मी! थोड्या वेळाने दाराखालून कागद सरकला. 'कृपया लक्ष द्या. माझ्यासमोर येऊ नका. तुम्ही दिसलात की हसू फुटतं.'

तिथेच जमिनीवर बसकण मारली मी. वाईट वाटलं, साफ सांगतो. पार्सलच्या खिडकीवर मुकाट्याने शिक्के मारत बसलेली ही मला दिसायला लागली. आणि तिला तिथे बसवणारा कोण? ना धूर, ना धूळ, ना ते यंत्र. घरचाच माणूस. डॉक्टरांनी एकदा बघून ओळखलं होतं.

उरलेले पाच दिवस आम्ही एकाच घरात लपूनछपून राहिलो. ती स्वयंपाकघरात यायची असली की टाळी वाजवायची, मी गॅलरीत जायचो. मी आत यायचो तेव्हा रूळ भिंतीवर आपटायचो, ती बेडरूममध्ये जायची. काकूंना मी दारातूनच परत पाठवलं. ताईचा फोन घेतला नाही. रविवारी सकाळी सगळ्यात लहान पातेलं काढलं. अर्धा कांदा, मंद आचेवर, बाजूला उभं राहून. एक गाजर, अर्धा बटाटा, मूठभर फरसबी. भाज्या जेमतेम बुडतील इतकंच पाणी. झाकण ठेवलं आणि स्टुलावर बसून राहिलो. काही वाढवायचं नाही, काही दुरुस्त करायचं नाही. वीस मिनिटांनी घोटलं, मीठ घातलं, आणि बेडरूमच्या दाराशी ठेवून गॅलरीत गेलो.

परत आलो तर वाडगा रिकामा. चमच्याने निपटून काढलेला. मी तो उजेडात धरून पाहिला. इतकं साधं होतं? मग मंगळवारपासून माझं काय चाललं होतं? सोमवारी पुन्हा तेच केलं. वाडगा पुन्हा रिकामा. मंगळवारी दोन वाडगे गेले. अभिप्राय मात्र एका शब्दाचा नाही, आणि मी विचारायचं कुणाला? दाराला?

शुक्रवारी दवाखान्यात जाताना ती माझ्या वीस पावलं पुढे चालत होती, एकदाही मागे वळली नाही. आत तिने खुर्ची अशी फिरवली की तिची पाठ माझ्याकडे. डॉक्टरांनी आरसा घातला, टॉर्च मारला, 'हं' म्हणाले. या 'हं'चा अर्थ लावता लावता मला घाम फुटला.

"काही आवाज वगैरे काढला का मधे?"

हिने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, मागून काही कळलं नाही.

"डॉक्टर, चूक माझी आहे," मी म्हणालो. "तिचं काही नाही त्यात. साहेबांना चिठ्ठी द्यायची असेल तर तसं स्पष्ट लिहा."

"तुम्ही बसा," डॉक्टर म्हणाले. "बाई, 'आ' म्हणा. सावकाश. जोर लावू नका."

तिने श्वास घेतला. मला भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती.

"आ..."

काय सांगू! स्वच्छ. गोल. कुठे खरखर नाही, चीर नाही, पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग. मला राहवलंच नाही. उठलो आणि सरळ तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. डोळे भरून आले होते माझे, ते पुसायचंही सुचलं नाही. तिने वर पाहिलं.

ती हसली. पहिल्यांदा नुसता श्वास, मग एक उचकी, आणि मग ते जे सुटलं! पाच दिवस कोंडलेलं हसू, खुर्चीचे हात धरून, पुढे वाकून, मागे रेलून. बाहेर बसलेले रुग्ण दारातून डोकावले. डॉक्टर टॉर्च हातात धरून कान देऊन ऐकत होते. एका मिनिटाने त्यांनी मान डोलावली आणि कागद ओढून लिहायला घेतलं. "आवाज उत्तम आहे. सोमवारी कामावर जा. दिवसाला एक तासाने सुरुवात करा. पण झालं काय एवढं?"

"अहो, यांनी... सूप... ते सचिव..." तिला पुढे बोलवेना.

डॉक्टर माझ्याकडे वळले. "तुम्ही सांगा."

मी खुर्ची ओढून घेतली. हिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि बोटांच्या फटींतून माझ्याकडे पाहिलं.

"डॉक्टर," मी म्हणालो, "अर्जातला कुठलाही रकाना रिकामा सोडू नये, असं माझं पहिल्यापासून मत आहे." ती पुन्हा हसायला लागली. मी सगळं सांगितलं. सावकाश, एकही तपशील न गाळता. ती दमली असं वाटलं की थांबायचो, तिला पाणी द्यायचो, आणि पुढचं सांगायचो.